शनिवारच्या तोडीची फत्ते

शके एकोणीसशे तीस, सर्वधारी संवत्सरे, चैत्रमासी, मुक्काम शेंदूरजनाघाट येथील संत्र्यांचे मातबर व्यापारी कुर्बानमियां यांची कन्या, अखेरचे सालची इंजिनेर, नगमाबेगम यांनी संगणकावर जी मोहीम मारिली तिची हकीकत येणेप्रमाणे.

त्या सालांत वऱ्हाडच्या बागा वाळो लागल्या, आणि काळ्या जमिनीस दिलेले पाणी भेगांतून कोठे परागंदा होते हे कोणी सांगेना. मग बेगमसाहेबांनी संगणकात हुबेहूब शेत मांडोन पाण्याचा माग काढावा ऐसी मसलत केली. सर्वांस खुले ऐसे एक सॉफ्टवेअर विलायतेचे विद्वान मुफ्त चालवीत, परंतु त्याचे पक्के आवृत्तीस भेगा ठाऊकच नव्हत्या. भेगांचे इल्म रोज बदलणारे कच्चे आवृत्तीत, आणि तिचा मूळ कोड उतरवोन ती घरचे संगणकावरच बांधणे प्राप्त. बडनेऱ्याचे कॉलेजात या कामाची परीक्षा सोमवारी, आणि चुकली तर साल बुडाले.

शनिवारी बांधणीचा हुकूम सुटला, आणि संगणक दोन प्रहर घरघरला, आणि शंभरांत सत्त्याण्णव हिस्से गड सर जाहला, तों भारनियमनाचा छापा पडोन पडदा काळा. मग मियांनी रविवारी संत्री धुवायचे यंत्राचे जनरेटर जोडोन दिले. बेगमसाहेबांस हाव सुटली, आणि त्यांनी कालचा टाकोन ताजा कोड उतरविला, आणि सत्त्याण्णवावरच तांबडी अक्षरे उमटली. विलायतेत कोणी विद्वानाने त्याच सकाळी नवी ओळ घालोन सारे नासविले होते. खरे सांगावे तर बेगमसाहेब ढसाढसा रडल्या.

"रडून काहून राहिली बेटी?" मियां पुसते जाहले.

तिने अर्ज केला की, अब्बा, हरेक बदलाले नंबर असते, आणि आजचा नंबर सडका निघाला.

"मंग कालचा काढ न. आपण पेटीले तोडीच्या दिवसाची चिठ्ठी कायले लावतो? एक तोड सडली त आदली विकतो."

मग शनिवारचा नंबर चार हजार सातशे बारा मागविला, आणि गड शंभरी चढला. मियांनी संगणक तणसात बसवोन संत्र्यांचे पेटीत घातला, शिरस्त्याप्रमाणे चिठ्ठी डकविली, आणि फौज एसटीने बडनेऱ्यास कूच जाहली.

तेथे पडद्यावरचे पाणी भेगेतून थेट खाली उतरले, आणि मुळास थेंब न लागला. परीक्षकसाहेबांनी ते पुन्हा चालवोन पाहिले. मग त्यांनी आवृत्ती कोणती ऐसा सवाल टाकिला. बेगमसाहेबांनी पेटीवरची चिठ्ठीच वाचोन दाखविली.

साहेबांनी चष्मा पुसला आणि निकालाचे कागदी तीच अक्षरे दाखल केली: नंबर ४७१२, शनिवारची तोड, माल गोड. पास.