रिकाम्या टाकीतले मासे

डॉक्टरांनी समुद्री मासे आणि प्रवाळ पाळायचं ठरवलं, तेव्हा बायकोने नुसतं गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे त्यांची दुर्बीण उभी होती आणि तिच्यावर पायपुसणी वाळत होती. त्याआधीच्या हौसेची सायकल मागे भिंतीला टेकून होती.

"आधी पाणी सांभाळायला शिका," ती म्हणाली. "ते जमलं, की दिवे आणि पंप आणू."

अट वाजवी होती. प्रवाळाला लागणारे ते खास दिवे म्हणजे घरात हत्ती बांधण्यासारखं प्रकरण. म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, काचेची साधी टाकी ठेवली, मिठाचं पाणी भरलं, पांढरे दगड रचले आणि वाट पाहायला सुरुवात केली. आधी दगडांवर सूक्ष्म जंतू वाढतात, ते पाण्यातली घाण पचवतात, मग मासे येतात, एवढं त्यांनी वाचलं होतं. नळीत थोडं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकल्यावर रंग पिवळा राहिला की पास, हिरवा झाला, म्हणजे घाण उरली, की नापास.

रंग रोज हिरवा यायचा.

अडचण अशी, की डॉक्टर दातांचे होते. उभा जन्म जंतू मारून पोट भरलेला माणूस. रंग हिरवा दिसला, की पाणी उपसून सगळे दगड ब्रशने खसाखसा घासायचे, अगदी फटींतूनसुद्धा. पुन्हा पाणी भरायचं आणि समोर खुर्ची टाकून आशेने पाहत बसायचं. ते ओले दगड पाहून एका पेशंटने विचारलं, हे सगळे तुम्हीच काढलेत का, आणि तो दाढ न दाखवताच निघून गेला.

एकदा डॉक्टर दाराआडून पाहतात तो काय, त्यांचे वडील टाकीत चिमूटभर माशांचं खाणं टाकत होते. आई गेल्यापासून नाना याच खोलीत गप्प बसून असायचे. ते खाणं पाण्यात कुजत होतं. रोजच्या हिरव्या रंगाचं मूळ डॉक्टरांना सापडलं.

"नाना, टाकीत मासे नाहीत."

"ठाऊक आहे. डोळे शाबूत आहेत माझे."

"मग खाणं कुणाला?"

नाना अवघडले. "तू तासन् तास बघत बसतोस, मधेच हसतोस. म्हटलं, तुला दिसत असतील. पोराचे मासे उपाशी कशाला ठेवायचे?"

डॉक्टरांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी घाईने समजावलं, की टाकीत मासे नसले तरी डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. नानांनी आवाज ऐकून आत आलेल्या सुनेकडे पाहिलं आणि मान हलवली.

सुनेने मात्र डॉक्टरांचं मासे पाळण्याचं पुस्तक उघडलं. डॉक्टरांनी थेट दिव्यांच्या प्रकरणापासून वाचलं होतं, तिने पहिलं पान काढलं. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकावं, त्यावरच जंतू वाढतात. दगड कधीही घासू नयेत.

"म्हणजे नाना वाढवतात आणि तुम्ही मारता," ती म्हणाली. ब्रश जप्त झाला आणि टाकी नानांकडे गेली.

पुढे तपासणीत रंग पिवळा राहू लागला. दिवे आले, पंप आला. नानांना बोलायला विषय मिळाला होता. ते पेशंटना दाढदुखी विसरेपर्यंत पाण्याची माहिती सांगू लागले. शेवटी मासेही आले. पिशवी टाकीत सोडणार, एवढ्यात नानांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं,

"हे नवे तुझ्या आधीच्यांना त्रास तर नाही ना देणार?"

डॉक्टरांनी टाकीकडे पाहिलं, मग नानांकडे.

"नाही नाना. तुम्ही वाढवलेत ना ते. सांभाळून घेतील."