दुपारचं दळण

वैष्णवीने सोमवारी एक खोटी ओवी रचली आणि गुरुवारपर्यंत ती खऱ्या ओव्यांपेक्षा जास्त नांदू लागली.

'ओवीघर' या संकेतस्थळावर शंभरेक माणसं आपापल्या आयांच्या, आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या लिहून ठेवत. पगार नाही, पद नाही, नुसती माया. सदाशिव पेठेतल्या भाड्याच्या खोलीत बसून वैष्णवी या मायाळू माणसांवरच पीएच.डी. करत होती. खोटी ओवी त्यांना किती वेळात ओळखू येते, हे तिला मोजायचं होतं. 'गंगूबाई, मुळशी' असं नाव खाली घालून तिने लिहिलं होतं:

दुपारच्या गं पारी, दळिते मी शेरभर
बंधवाची वाट, पाहते मी पारावर

पाचव्या मिनिटाला आंबेगावच्या प्रेमलाताईंनी लिहिलं, "आमची आत्या हेच म्हनायची. फकस्त शेरभर नाय, पायलीभर." मंगळवारी तीन पाठभेद आले. बुधवारी प्रेमलाताईंनी चाल गाऊन पाठवली. ती ऐकताना, बंधू आपण कागदावर जन्माला घातलाय हे ठाऊक असूनही, वैष्णवीचे डोळे भरून आले.

तिने मार्गदर्शक विश्वजीत सरांना फोन केला. "सर, मी त्यांना खरं सांगून टाकते."

"सांगितलंस की प्रयोग संपला, आणि तुझं चौथं प्रकरणही. जूनमध्ये प्रबंध द्यायचाय ना?"

"पण माणसं बिचारी खपताहेत, सर."

"माणसं नाहीत ती. नमुना आहे."

गुरुवारी संध्याकाळी नमुन्यातल्या सिराजभाईंचा निरोप झळकला. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाकडे सोपवून ओव्यांत रमलेले हे सत्तरीचे गृहस्थ. "उद्या स्कूटरवरून मुळशीला जातो. गंगूबाई थकल्या असतील. आहेत तोवर त्यांचा आवाज घेऊन ठेवावा."

शुक्रवारी सकाळपासून वैष्णवीने त्यांना नऊ फोन केले. एकही उचलला गेला नाही. त्यांचा दुखरा गुडघा, त्यांची जुनी स्कूटर, आणि घराघरांत जाऊन नसलेल्या बाईचा पत्ता विचारणारे सिराजभाई तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. चौथं प्रकरण गेलं खड्ड्यात, असं म्हणून ती निघाली. ओवीघर चालवणाऱ्या आबेदाबाई नारायण पेठेत राहत. निवृत्त शिक्षिका, वैष्णवीने त्यांची दोनदा मुलाखत घेतली होती. दारावर पाटी होती: 'एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडेलच असे नाही.' दीड वाजला होता. तिने बेल वाजवली.

आबेदाबाईंनी दार उघडलं. "पाटी वाचता येत नाही आणि प्रबंध लिहिता?"

"बाई, सिराजभाईंना थांबवा. गंगूबाई नाहीत."

"वारल्या?"

"जन्मल्याच नाहीत. ओवी माझी आहे. तुम्हाला पारखायला मुद्दाम टाकली. चुकलं माझं."

आबेदाबाई आत वळल्या. "ऐकलंत? पाचवा दिवस."

सिराजभाई आत बशीतून चहा पीत बसले होते. "म्हणजे प्रेमलाताई जिंकल्या. मी आठवडा म्हणालो होतो."

"तुम्ही मुळशीला…"

"गुडघ्याला विचारलं. तो नको म्हणाला."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, जातं पहाटेचं," आबेदाबाई म्हणाल्या. "दुपारी बाई रानात असते. आणि दळतेय घरात, तर पारावर वाट कोण पाहतंय? दहाला उठणाऱ्या मुलीची ओवी आहे ती. प्रेमलाताईंनी वाचता वाचताच ओळखलं."

"मग ते पाठभेद?"

"रचले. मजा आली. संशोधकाला कबुली द्यायला किती दिवस लागतात, ते मोजत होतो."

वैष्णवी तांबडीलाल झाली. "माझ्यावर प्रयोग? मला न विचारता? चार रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या, आणि तुम्ही इथे बसून…"

बोलता बोलता ती थांबली. सिराजभाईंनी एक कप तिच्यापुढे सरकवला.

"माझं चौथं प्रकरण गेलं," ती कपाकडे बघत म्हणाली.

"जातंय कुठे? हेच लिही. फक्त छापण्याआधी आम्हाला वाचून दाखव. कोणाचं नाव घालायचं, कोणाचं झाकायचं, ते ज्याचं तो सांगेल." आबेदाबाईंनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. "आणि ती ओवी आम्ही ठेवतोय. 'नव्या ओव्या' म्हणून वेगळं पान करतो. गंगूबाईंच्या जागी तुझं नाव घालायचंय. चालेल का? चालत असेल तर इथे सही. आधी विचारायची पद्धत आहे आमच्याकडे."

वैष्णवीने कागद दोनदा वाचला आणि सही केली. मग चहाचा घोट घेऊन हळूच विचारलं, "बाई, शेरभरचं पायलीभर केलं तर? कानाला जास्त बरं वाटतं."