रिकामे डबे आणि हिरवी जेली

घसा ताणून फोन कसले करता, दहा ओळींच्या प्रोग्रॅमचं तर काम आहे, असं मी सासूबाईंना ऐकवलं आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

आमच्या मिनेसोटातल्या चर्चच्या वार्षिक जेवणाला प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा असतो. कोणी काय आणायचं, हे आमच्या सासूबाई, म्हणजे आर्डिस, फोनवरून कळवत. यंदा ऐन वेळी त्यांचा आवाज बसला. मी पडलो सर्व्हर सांभाळणारा. सासूबाईंच्या मते, पगार घेऊन बसून राहणारा. म्हटलं, आता दाखवतोच!

शेल म्हणजे लिहून दिलेले हुकूम ओळीने पाळणारा संगणकातला गडी, आणि त्या हुकमांची यादी म्हणजे स्क्रिप्ट. तिच्यात डॉलरची खूण करून पुढे नाव लिहिलं, की त्या नावाच्या डब्यात जे असेल ते बाहेर येतं. डबा रिकामा निघाला तर काय घ्यायचं, तेही सांगून ठेवता येतं. मी सांगितलं, हिरवी जेली. सासूबाईंचा हातखंडा पदार्थ, वर किसलेलं गाजर. जावयाने एवढं तरी करावं.

चाचणीही त्यांच्याच नावाने घेतली. ‘आर्डिस, हिरवी जेली आणा.’ अगदी बरोबर! दिले सगळ्या घरांना निरोप पाठवून.

घोळ असा, की कोणाचा कोणता पदार्थ ते डबे मी एका स्क्रिप्टमध्ये भरले आणि निरोप लिहायला दुसरी बसवली. भरलेले डबे तिच्या हाती द्यायचे तर आधी ‘एक्सपोर्ट’ म्हणावं लागतं. ते राहिलं. तिला सगळे डबे रिकामेच मिळाले, म्हणून तिने प्रत्येकाला जेलीच लिहिली, आणि रिकाम्या डब्याबद्दल शेल चकार शब्द काढत नाही. सासूबाईंचा पदार्थच जेली, म्हणून चाचणी तेवढी बरोबर आली.

आमचे लोकही तसेच. चर्चमधला वेंडेल वर्षानुवर्षं कोंबडीची हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला इकडचा घरगुती पदार्थ, आणतो. त्यालाही जेलीचा निरोप गेला, पण उलट विचारणं बरं दिसत नाही म्हणून बिचारा गप्प. सगळेच गप्प.

रविवारी चर्चच्या तळघरातली टेबलं हिरवीगार झाली होती. पाद्रीबाबांनी प्रार्थना जरा लांबवलीच. सासूबाई एकेक भांडं बघत निघाल्या, तसा मी दाराकडे सरकलो. पण त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझ्यासाठी केलंस हे सगळं?" त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "आणि मी तुला बिनकामाचा समजत होते रे."

आता खरं कोण सांगतो! मी विनयाने मान खाली घातली.

भुकेल्या मंडळींनी सगळ्या जेल्या चाखल्या. वेंडेलने अननस घातला होता. त्याचं भांडं चाटूनपुसून साफ. शेवटी एकच भांडं भरलेलं उरलं. गाजरवालं.

सासूबाईंनी ते बराच वेळ न्याहाळलं.

"माझ्या जेलीशेजारी सगळ्या गावाच्या जेल्या मांडायच्या, ही कल्पना तुझीच ना?"

चुकून झालं म्हणावं, तर श्रेय मघाशीच घेऊन बसलो होतो.