बंद करण्यासाठी तायडे यांना भेटा

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालू करायला कुणाचीही परवानगी लागत नसे. बंद करायला मात्र तायडे लागत.

म्हणजे असं, की काम आटोपून तुम्ही पडद्याच्या कोपऱ्यातलं ते हिरवं बटण दाबलंत, की जगभर जिथे ‘शट डाऊन’ लिहिलेलं असतं तिथे आमच्याकडे काहीच नसे. रीस्टार्ट नाही, स्लीप नाही, नुसती कोरी जागा. आणि लोक ज्या पडद्यावर देवाचा नाहीतर नातवाचा फोटो लावतात, तिथे ठळक अक्षरांत एकच वाक्य: ‘बंद करण्यासाठी तायडे यांना भेटा.’

ऑफिस बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याचं, शेतकीचं. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण माझी पेन्शनची कामं अजून तिथेच अडकलेली आहेत. माणसं सात, मशीनं तीन, त्यामुळे कोणतंही मशीन कुणा एकाचं नव्हतं. एक उठला की दुसरा बसायचा. खुर्ची गरम, कीबोर्डवर शेवेचे कण. बाकी जगानं ती मशीनं कधीच भंगारात काढली होती, पण सरकारदरबारी निवृत्तीचं वय ठरलेलं असतं आणि त्यांचं अजून व्हायचं होतं.

उत्तमराव तायडे आमचे वरिष्ठ लिपिक, मूळचे देऊळघाटचे. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक टेस्टर, वायरमनच्या खिशात असतो तसला. टेस्टर कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, “ऑफिसात करंट हाय का नाही, हे अधूनमधून पाहा लागते.” कुठला करंट, ते आम्ही कधी विचारलं नाही. उत्तर ऐकायची आमची तयारी नव्हती.

कॉम्प्युटरचं प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी झालं तेव्हा आम्ही सगळेच गेलो होतो. जेवण चांगलं होतं. येताना आम्ही एकेक कापडी पिशवी आणली आणि तायडेंनी पासवर्ड आणला. पुढे काही महिन्यांनी, ऐन थंडीत, एका सकाळी आम्ही येऊन बघतो तर तिन्ही मशीनवरची ती बटणं गायब. काल होती, आज नाहीत. डब्यावरचं मोठं बटण दाबून पाहिलं, तर तेही मुकं. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘काही करू नका’ अशी एक सोय असते म्हणे, तायडेंनी ती निवडली होती. सरकारी ऑफिसातल्या बटणाला ही सूचना इतकी शोभून दिसली की कुणाला नवल वाटलं नाही.

“भाऊ, हे काय केलं?” मी विचारलं.

“ताई, मशीन म्हंजे बैल हाय. दहा जनाईनं सोडला-बांधला का बिघडते. आता हा बैल मीच बांधीन.”

“आणि आम्ही?”

“तुमी हाका ना. हाकाले कोन नाही म्हनते?”

त्या दिवसापासून त्यांचं नाव ऊर्जामंत्री पडलं. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

“चालू हाय ना? मंग चालू राहू द्या.” हे त्यांचं पालुपद. पंखा करकरतो, बंद करू का? चालू हाय ना, मंग चालू राहू द्या. दांडगेचं फोनवर बायकोशी भांडण जुंपलेलं आहे, त्याला आत बोलावू का? चालू हाय ना, चालू राहू द्या. एकदा मीटिंगमध्ये मोठे साहेब तासभर बोलले. कुणीतरी तायडेंच्या कानात विचारलं, हे थांबणार कधी? तायडेंनी तेच उत्तर दिलं, आणि त्यांचा आवाज जरा मोठाच होता.

हा दांडगे म्हणजे आमच्यातला सगळ्यात तरुण गडी. तक्रारींची नोंद घेण्याचं काम त्याच्याकडे, आणि स्वतः तक्रार करण्याचाही त्याला भारी नाद. ऊर्जामंत्र्यांच्या विरोधी पक्षाचा नेता तोच. एकदा त्यानं सरळ भिंतीतली पिनच उपटली. तायडेंनी मशीनला जोडलेला बॅटरीचा डबा असा किंचाळायला लागला, की तायडे दुपारच्या डब्यातली उरलेली भाकर खाता खाता उठून, हातात तसाच तुकडा घेऊन धावत आले.

“काऊन बे? त्याचा जीव घेतं का?”

“घरी जायचं हाय भाऊ.”

“मंग जाय ना! तुले कोनी बांधलं? बैल मी बांधतो.”

दांडगे पिन हातात घेऊन उभाच राहिला. पाच वाजायला पाच मिनिटं कमी होती, ऑफिस सुटायचं पावणेसहाला.

इथे आमच्या ऑफिसची एक जुनी रीत सांगायला हवी, नाहीतर दांडगेचं दुःख कळणार नाही. पावणेसहाचं ऑफिस पाचलाच जांभया द्यायला लागायचं. सगळ्यांचं लक्ष आपापल्या गाडीकडे. मला नांदुऱ्याची एसटी गाठायची असायची. पाचला मशीनं बंद झाली की आम्ही मोकळे. त्यानंतर कुणी शेतकरी आलाच तर एक वाक्य तयार असायचं, “मशीन बंद झालं, उद्या या.” फार सोयीचं वाक्य. ना कुणाचा दोष, ना कुणाचा राग. माणूस काळ्या पडद्याकडे बघायचा, मान डोलवायचा आणि जायचा. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर’ असत, आता मशीन बंद असे. प्रगती ती हीच.

तायडेंच्या सेटिंगनं त्या वाक्याची हवाच गेली. पडदे ढळढळीत उजळलेले. पाच वाजून दहा मिनिटांनी दारात उभा असलेला माणूस आमच्याकडे बघायचा, मग पडद्याकडे बघायचा. कुणीतरी नाइलाजानं खुर्ची ओढायचं. आम्ही याला त्या सेटिंगचा दुष्परिणाम समजत होतो.

मशीनं दुरुस्त करणारा एकदा आला, तेव्हा दांडगेनं त्याला मुद्दाम छेडलं, “बंद-चालू केल्यानं मशीन खराब होते का हो?” तो म्हणाला, छे, उलट रोज बंद केलेलं बरं. दांडगेनं विजयी चेहऱ्यानं तायडेंकडे पाहिलं. तायडे शांतपणे त्या दुरुस्तीवाल्याला म्हणाले, “तुमी मशीनले ओळखता. मी यायले ओळखतो.” आणि टेस्टरनं आमच्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. आम्ही पोट धरून हसलो.

आम्ही गेल्यावर ते एकटेच मागे राहायचे. विचारलं तर, “मशीन थंड होऊ देतो.” दांडगेच्या मते ते पत्ते खेळत बसत. मला वाटे, घरी वाट पाहणारं कुणी नाही म्हणून बसत असतील. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. एकदा माझी गाडी चुकली म्हणून मी परत ऑफिसात येऊन बसले, तेव्हा पाहिलं की मशीन बंद करायच्या आधी ते उठून ओसरीवर गेले, थोडा वेळ उभे राहिले, आणि मग आत आले. मी म्हटलं, चोरून तंबाखूचा खर्रा खात असणार. पण तायडे सुपारीलाही शिवत नसत, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

अळी न लागणारं म्हणून कापसाचं बीटी बियाणं आलं, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत आमच्या ओसरीवर शुकशुकाट असायचा. अळीच नाही तर शेतकीवाल्यांना विचारतो कोण? कापूस घरात, पोरगा मोटरसायकलवर. मग गुलाबी बोंडअळी आली आणि ओसरी भरून गेली. बाहेरून बोंड हिरवंगार, टवटवीत, फोडलं की आत किडकी सरकी आणि गुबगुबीत अळी. लोक बियाण्याचं रिकामं पाकीट, बिल आणि पिशवीभर बोंडं घेऊन यायचे. नोंद झाल्याशिवाय पंचनामा नाही आणि पंचनाम्याशिवाय भरपाई नाही. आमच्या टेबलांवरून अळ्या फिरायच्या. एक तर कीबोर्डावर चढली, तेव्हा दांडगे म्हणाला, “हिलेच घेऊ द्या नोंद, घरचीच हाय.”

अळी आल्यावरच्या दुसऱ्या हंगामात नवे साहेब आले. तरुण, हुशार, पुण्याकडचे. दांडगेनं संधी साधली आणि लेखी तक्रार दिली, की कर्मचाऱ्यांच्या मूलभूत अधिकारांवर गदा येते. साहेबांनी तायडेंना बोलावलं.

“तायडे, हे कशासाठी?”

“मशीनच्या तब्येतीसाठी, साहेब.”

“तांत्रिक कारण काही आहे का?”

“तांत्रिक तं नाही, साहेब.”

“मग काढून टाका ते. आजच.”

तायडेंनी तिन्ही मशीनवर बसून ती बटणं परत आणली. पडद्यावरचं वाक्य पुसलं. दांडगेनं कचोऱ्या मागवल्या. तायडेंनी आपल्या वाट्याची कचोरी कागदात गुंडाळून खिशात ठेवली, टेस्टरच्या शेजारी. दांडगेनं बरोबर पाचला, शाळेत झेंडावंदनाला उभे राहतात तसं ताठ उभं राहून, तिन्ही मशीनं स्वतःच्या हातानं बंद केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्या आणि दारात एक माणूस दिसला. पन्नाशीचा, धोतराचा सोगा धुळीनं लाल. खांद्यावर बोंडांची पिशवी. गावाची जीप भरेपर्यंत हलली नाही, म्हणून उशीर झाला म्हणाला.

दांडगेनं हेल्मेट घातलं होतं. आतूनच तो म्हणाला, “मशीन बंद झालं काका, उद्या या.”

माणसानं काळ्या पडद्याकडे पाहिलं, मान डोलवली आणि वळला.

“थांबा,” तायडे म्हणाले. उठले, पहिल्या मशीनपाशी गेले आणि बटण दाबलं. “दांडगे, नोंद तुह्याच नावानं होते. बस.”

“भाऊ, हे सुरू व्हायले अर्धा घंटा लागते!”

“लागू दे. तोवर मी एक सांगतो.”

आमची मशीनं खरंच तशीच होती. घरघर करत, पडद्यावर एकेक ओळ उमटवत जागी व्हायची. त्या घरघरीत तायडे बोलत होते. आवाज नेहमीचाच, जणू रजेचा अर्ज वाचून दाखवत होते.

“मागच्या थंडीत तुमी सारे निघून गेले होते. मी एकटाच होतो, मलेबी घाई होती. एक म्हातारी आली. आडगावची. पदरात बोंडं बांधून आनली होती, पाकीट नाही, पिशवी नाही. मी म्हतलं, मशीन बंद झालं आजी, उद्या या. बरं म्हने, आन गेली. मी कुलूप लावलं, घरी गेलो, जेवलो, झोपलो.”

पडद्यावर काहीतरी लुकलुकलं. दांडगे हेल्मेट घालूनच बसला होता.

“सकाळी आलो, तं म्हातारी ओसरीवर बसेल होती. गोनपाट पांघरून. गावाची गाडी गेली होती तिची. आन दुसऱ्या दिवशी परत याले पैसे कुठून आनते? रातभर तिथंच. मले पाह्यलं आन उठून उभी राह्यली. हात जोडले आन म्हने, ‘साहेब, झाला का उद्या?’”

पंखा करकरत होता.

“रागानं म्हतलं असतं तं मी आयकून घेतलं असतं,” तायडे म्हणाले. “ते रागात नोती बे. तिले वाटलं, सरकारचा उद्या असाच असते, बसून काढा लागते. पदरातली अर्धी भाकर मले देऊन राह्यली होती. म्हने, तुमीबी घरून लवकर निंघाले असान.” खिशातला टेस्टर काढून त्यांनी उगाच हातात फिरवला. “मी त्याच दिवशी ते बटनं काढून टाकले. तुमचे बी आन माहं बी. तुमच्यावर भरोसा नोता, आन माह्यावर तं बिलकुल नोता.”

एवढ्यात मशीन जागं झालं.

दांडगेनं हेल्मेट काढलं, टेबलावर ठेवलं. धोतरवाल्याकडे न बघताच म्हणाला, “बसा काका. नाव सांगा.” मी माझी पर्स परत खुंटीला लावली आणि त्या काकांची बोंडं कागदावर ओतून घेतली. माझी गाडी गेली. त्या दिवशी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दांडगे आल्या आल्या तायडेंच्या टेबलापाशी गेला.

“भाऊ, ते बटन काढून टाका.”

“साहेबाचा आदेश हाय बे.”

“साहेबाले मी समजावतो. माह्या मशीनवरचं तं काढाच. माह्या हाताचा भरोसा नाही.”

तायडेंनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसत राहिले. त्यांना काहीतरी टोमणा मारायचा होता, हे आम्हाला दिसत होतं. पण तो काही जमला नाही.

संध्याकाळी माझी गाडी उशिरा होती म्हणून मी बसून होते. पावणेसहा होऊन गेले होते. तायडे उठायला लागले, तेवढ्यात दांडगेच म्हणाला, “तुमी बसा भाऊ.” हेल्मेट काखेत धरून तो ओसरीवर गेला. पायरीवर उभा राहून त्यानं नांदुऱ्याकडचा रस्ता पाहिला, मग बुलडाण्याकडचा पाहिला, मग एसटीतून उतरलेली माणसं कुठे वळतात ते पाहिलं. मग आत आला.

“कोनी नाही भाऊ,” तो म्हणाला. “आता करा बंद.”