शेवंतीचं तोंड कुणीकडे

हवामान केंद्रातल्या हंगामी निरीक्षकाला त्याच्या सासूबाईंच्या शेवंतीने चारी मुंड्या चीत केलं. पण असं काही घडलंच नाही असं धरून आपण सोमवारपासून सुरुवात करू.

सोमवारी निरीक्षकाचा अंदाज सलग नवव्यांदा चुकला. ऐन हिवाळ्यात, तो कामावर गेला की सासूबाई खिडकीतल्या कुंडीकडे बघून शेजारपाजारी जे सांगत, ते मात्र तंतोतंत खरं व्हायचं. फुलांचं तोंड काचेकडे असलं तर गारठा, खोलीकडे असलं तर ऊन, एवढंच त्यांचं शास्त्र. साहेबांनी निरीक्षकाला बजावलं, "शुक्रवारचा अंदाज चुकला तर कायम होण्याचं विसरा."

कुठेतरी पाणी मुरतंय, हे निरीक्षकाने ओळखलं. म्हातारी आपले कागद चाळत असणार. त्याने बॅगेच्या चेनला दोरा बांधून ठेवला. दोरा जागच्या जागी, आणि मंगळवारी सासूबाई पुन्हा बरोबर. मग संशय बायकोवर गेला.

"मी झोपेत काही बोलतो का गं?"

"घोरता. त्यातून हवामान कळत नाही."

राहता राहिली शेवंती. गुरुवारी तो उद्या हाडं गोठणार असा अंदाज देऊन घरी आला. फुलं काचेकडे बघत होती. घरात कुणी नाही असं पाहून त्याने कुंडी गपकन खोलीकडे फिरवली. आता सासूबाई ऊन सांगणार आणि तोंडघशी पडणार.

शुक्रवारी दोन स्वेटर, मफलर, कानटोपी असा जामानिमा करून तो निघाला. कोपऱ्यापर्यंत पोचतो तोच शेजारणीने गच्चीच्या कठड्यावर गादी टाकली. "तुमच्या सासूबाई म्हणाल्या, आज ऊन," तिने वरून कळवलं. तो मफलरमध्ये गालातल्या गालात हसला.

दहा वाजता असं ऊन पडलं की केंद्रातल्या शिपायाने पंखा लावला. साहेब नुसते कानटोपीकडे बघत राहिले.

संध्याकाळी निरीक्षकाने शरणागती पत्करली. "सासूबाई, कुंडी मी फिरवली होती. तरी खरं कसं झालं?"

"हो, आज माझे कष्ट वाचवलेत, जावईबापू. एरवी मीच फिरवते."

"आणि कुठे फिरवायची, ते कसं ठरवता?"

सासूबाई जरा संकोचल्या. "तुम्ही काय घालून निघता ते बघते. स्वेटर दिसला की गाद्या उन्हात. लोकांना आपलं फुलांचं सांगितलं की पटतं."

सोमवारी साहेबांच्या टेबलावर अर्ज होता:

"महोदय, अर्जदाराचा एकही अंदाज आजवर बरोबर आलेला नाही. इतका भरवशाचा कर्मचारी केंद्रात दुसरा नाही. तरी यापुढे अर्जदाराच्या अंदाजाच्या नेमका उलट अंदाज प्रसिद्ध करण्यात यावा, व अर्जदारास त्याच्या दोन्ही स्वेटरांसह सेवेत कायम करावे, ही नम्र विनंती."