शून्य मीटर खोलीचे पाणबुडे

आमच्या भागातील स्काउट पथकाच्या मुलांसाठी स्कूबा डायव्हिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करावा, असा ठराव पथकाच्या कार्यकारी समितीने एकमताने संमत केला. निमित्त माझ्या बाबांचे होते. बाबा पाणबुडे. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांच्या तळाला पाण्याखाली वेल्डिंग करणे हा त्यांचा व्यवसाय. जन्मभर हे काम करून ते एका दुपारी घरच्या पलंगावर झोपेत गेले. त्यानंतर पलंगांच्या सुरक्षिततेविषयी कोणी चौकशी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपले डायव्हिंगचे सामान पथकाला द्यावे आणि त्यावर मुलांना शिकवावे, एवढे ते सांगून ठेवून गेले होते. सामान मी पोचवले, म्हणून मला समितीवर निमंत्रित सदस्य करण्यात आले. या सदस्याला मताचा अधिकार नसतो, चहाचा असतो.

पथकात माझी भाचीही होती. बाबा तिला बेडकी म्हणत. बारावं वर्ष लागलं की तुला पाण्याखाली नेईन, असे त्यांनी तिला कबूल केले होते. बारावे लागले तेव्हा बाबा नव्हते. ती रडली वगैरे नाही. तिने एवढेच विचारले, "मावशी, मग आता मला कोण नेणार?"

मी म्हटले, "समिती."

शिकवायला बाबांच्या हाताखाली तयार झालेली डायव्हरताई होती. शाळेमागचा पोहण्याचा बंदिस्त तलावही मिळाला, खोल टोकाला चांगला चार मीटर. पहिल्याच बैठकीत विमा सल्लागारांनी चष्मा पुसत विचारले, "धोका नेमका कशात आहे?"

"खोलीत," सचिव म्हणाले.

"मग खोली कमी करा की."

पाणी कमरेपर्यंत आणण्यात आले. डायव्हरताई अध्यक्षांकडे गेली. "साहेब, कमरेएवढ्या पाण्यात मुलं डायव्हिंग कसं करणार?"

अध्यक्ष म्हणाले, "वाकून."

मुले वाकली. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगा काठावर घसरला आणि त्याचा गुडघा खरचटला. चौकशी समिती बसली. तिचा निष्कर्ष असा, की घसरण्याचे कारण ओलेपणा आणि ओलेपणाचे कारण पाणी. सबब, अभ्यासक्रमाचा मूळ हेतू अबाधित ठेवून त्यातून पाणी वगळण्यात यावे.

तलाव रिकामा झाला. पाहणीसाठी गेलेल्या सचिवांनी काठावरून आत डोकावले आणि दोन पावले मागे सरकले.

"अहो, हे भयंकर आहे! पाणी होतं तोवर पोरगं पडलं तरी पोहून वर आलं असतं. आता पडलं तर सरळ डोकं फुटेल!"

"पाणी काढायचं कोणी ठरवलं?" अध्यक्ष गरजले.

"आपण सगळ्यांनी."

"बरं, पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय फळ्यांचा होता. रिकाम्या तलावावर लाकडी फळ्या टाकण्यात आल्या. फळ्यांच्या कुसा पायांत जाऊ नयेत म्हणून वर गालिचा अंथरला गेला. पाठीला भार नको म्हणून हवेच्या टाक्यांऐवजी त्याच आकाराची थर्माकोलची नळकांडी आली. तोंडातून श्वास घेणे मुलांना अनैसर्गिक आहे, असे सदस्य-डॉक्टरांचे मत पडल्याने टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर कपाटात गेला. बाबांचा होता तो. कपाटाला कुलूप लावताना सचिव मला म्हणाले, "अगदी जपून ठेवतो बघा."

मुले रोज संध्याकाळी पायांत रबरी फिन घालून गालिच्यावर फटाक फटाक चालत. वर जायचे, खाली जायचे, हवा संपत आली, अशा सगळ्या खुणा हाताने करत. हवा संपल्याची खूण विशेष सुरेख होई, कारण खिडक्या उघड्या असत.

बेडकी घरी येऊन म्हणाली, "मावशी, समितीला विचार ना, निदान गालिचा तरी ओला करतील का?"

मी विचारले. बुरशीचा धोका निघाला.

प्रमाणपत्र वितरण त्याच गालिच्यावर, खुर्च्या मांडून झाले. प्रमाणपत्रावर छापले होते, 'खोली: शून्य मीटर. प्रावीण्य: उत्कृष्ट.' मुख्य कार्यालयातून आलेले पाहुणे भारावून गेले होते. एकही अपघात नाही, असा अभ्यासक्रम त्यांनी आजवर पाहिला नव्हता. हीच पद्धत आता सर्वत्र लागू होणार असून सपाटीवरील गिर्यारोहणाचा प्रस्तावही विचाराधीन आहे, असे त्यांनी जाहीर केले. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या संपल्या तसे तेच पालक माझ्याभोवती जमले.

"काय हा पोरखेळ!" एक गृहस्थ म्हणाले. "पोरांना नुसतं कापसात गुंडाळून ठेवायचं!"

"यांचे बाबा असते ना, तर या समितीलाच पाण्यात ढकललं असतं," एक बाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. ढकलले असतेच.

डायव्हरताई मागे उभी राहून ऐकत होती. ती पुढे आली. "मग येत्या रविवारी पाठवा. बंदराच्या आतल्या अंगाला पाणी शांत असतं. खरी टाकी, खरं पाणी. एकेकाला हाताला धरून मी स्वतः खाली नेते. तुम्ही फक्त हो म्हणा."

मघाशी एवढे बोलणारे लोक आपापल्या पोरांना शोधू लागले.

"आमचा रविवारी क्लास असतो," पोरखेळ म्हणणारे गृहस्थ म्हणाले.

"हिचे कान जरा नाजूक आहेत हो," बाई म्हणाल्या.

"आमची ना नाही. पण पहिली तुकडी जाऊन येऊ दे, मग बघू."

गर्दी पांगल्यावर डायव्हरताईसमोर बेडकी, तिची आई आणि मी, अशा तिघीच उरलो. बेडकीची आई, म्हणजे माझी ताई, बेडकीच्या मास्कचा पट्टा उगाचच सैल करत होती, पुन्हा घट्ट करत होती. तीही त्याच बाबांची मुलगी. तिने 'हो' म्हणायला किती वेळ घेतला ते मी सांगणार नाही.

रविवारी पहिली तुकडी पाण्यात उतरली. तुकडीत बेडकी एकटीच होती. ताई धक्क्यावर माझा दंड धरून उभी होती आणि पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांवरून तिची नजर हलत नव्हती. बेडकी वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि हसू आवरत नव्हते. "आई, खाली माझा श्वास मला ऐकू येतो! केवढा मोठा आवाज असतो!" ताई खाली बसली आणि मग मात्र रडली.

तर आता पहिली तुकडी जाऊन आली आहे. दुसरीत भरपूर जागा आहेत. तुम्ही इतका वेळ त्या समितीला मनापासून हसत होतात, म्हणून सगळ्यांत आधी तुम्हालाच विचारते आहे. तुमच्याही घरी या वयाचं कोणी असेल ना?

काय म्हणालात? घरी विचारून कळवता?

कळवा. टाकी भरून ठेवली आहे.