वारा सरल्याची साक्ष

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला वारा सरेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, हा त्या वॉर्डाचा नियम होता. भूल उतरली तरी आतडी झोपलेलीच असतात; ती जागी झाल्याची वर्दी त्या एका वाऱ्यानेच मिळते. नियम शहाणपणाचा होता. तो निवृत्त हेडसरांच्या वाट्याला आला, इथे घोटाळा झाला.

हेडसरांनी उभ्या हयातीत चारचौघांत साधी जांभई दिली नव्हती. वर्गात वाऱ्याचा असा काही प्रकार झाला, तर गुन्हेगार कबुली देईपर्यंत आख्खा वर्ग बाकावर उभा असे. अशा माणसाला ऑपरेशननंतर आस एकच होती, कपभर चहाची. घशाला नुसती कोरड पडली होती हो.

सकाळी सिस्टर आल्या. बाई लाख मोलाची, पण आवाज मैदानावरचा. नाडी, ताप, पट्टी, सगळं बघून झाल्यावर त्यांनी वॉर्डाच्या त्या टोकाला ऐकू जाईल असं विचारलं, "आजोबा, वारा सरला का?"

वारा पहाटेच सरला होता. पण उशाशी सूनबाई उभ्या होत्या आणि शेजारच्या खाटेवर एक माजी विद्यार्थी कान टवकारून पडला होता. हेडसर म्हणाले, "छे."

चहा लांबला. दुपारी पुन्हा विचारणा झाली तेव्हा नेमके व्याही भेटीला आलेले. पुन्हा छे. मग लहान डॉक्टरांनी नाकातून नळी घातली आणि पोटाचा फोटो काढला. फोटोत आतडी ठणठणीत दिसत होती, पण खुद्द पेशंट नाही म्हणतोय तिथे फोटोला कोण विचारतो? दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि पोट पुन्हा उघडायचं ठरलं.

आता मात्र हेडसरांच्या पायाखालची जमीन सरकली. सिस्टरांना जवळ बोलावून त्यांनी कानात खरं ते सांगितलं. सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

"आधी बोलायचं नाही का, आजोबा? एकदा नाही म्हटलेला पेशंट नंतर हो म्हणाला, तर तो चहासाठी म्हणतो असं धरतात इथे. आता एक तरी त्रयस्थ साक्षीदार लागेल. पोट गुडगुडतंय ते मला ऐकू येतंय, पण मी पडले वॉर्डातली."

स्ट्रेचर लिफ्टमध्ये शिरलं. आत लिफ्टमन, सूनबाई, व्याही, मोठे डॉक्टर, कुणाला तरी फुलं घेऊन निघालेले एक गृहस्थ, अशी दाटी. आणि दोन मजल्यांच्या मधोमध हेडसरांच्या आतड्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. स्वच्छ, खणखणीत, आणि मागाहून पुराव्यासकट.

सिस्टरांचा चेहरा फुलला. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

लिफ्टमन बटणांकडे बघू लागला. गृहस्थांनी फुलांत नाक खुपसलं. व्याह्यांना एकाएकी सर्दी झाली. स्ट्रेचरवरून हेडसरांनी बोट वर केलं, त्यांच्या वर्गातली पोरं करायची तसं.

"माझा होता तो," ते म्हणाले. लाज केव्हाच गेली होती, आता फक्त सुरीची भीती उरली होती.

मोठ्या डॉक्टरांनी नाकावर रुमाल धरून विचारलं, "कोणाला काही जाणवलं?"

"नाही बुवा," गृहस्थ म्हणाले. लिफ्टमनने नकारार्थी मान हलवली. सूनबाईंनी तर सासऱ्यांची अब्रू राखण्यासाठी ठासून सांगितलं, की बाबा असलं काही कधी करणारच नाहीत.

दार उघडलं. समोर ऑपरेशन थिएटर होतं. सिस्टर शेवटपर्यंत एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि स्ट्रेचर आत गेलं.

लिफ्टच्या मागच्या कोपऱ्यात आणखी एक माणूस होता. श्वास रोखून, छताकडे बघत उभा. त्याच्या एका शब्दावर म्हातारा सुटला असता.

तुम्हीच होतात ना ते? राहू द्या, सांगू नका. चारचौघांत कशाला उगाच.